डेव्ह ब्रुबेक गेला, आणि सगळ्यांनी दुसऱ्याचीच धून लावली

नमस्कार मंडळी! आजचा विषय एका माणसाच्या जाण्याबद्दल आहे, पण रडका व्हिडिओ नाहीये, शेवटपर्यंत बघा. आणि जॅझ म्हणजे काय हे माहीत नसलं तरी चालेल, टाळी वाजवता येते ना, बास झालं.

५ डिसेंबर २०१२. अमेरिकेतलं कनेक्टिकट राज्य, नॉरवॉक शहर. डेव्ह ब्रुबेक नावाचा जॅझ पियानिस्ट हार्टच्या डॉक्टरकडे निघालेला, सोबत मोठा मुलगा डरायस, आणि तिथे पोचायच्या आधीच हार्ट फेल होऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा ब्याण्णवावा वाढदिवस होता. एका दिवसाने हुकला! वॉटरबरी नावाच्या शहरात वाढदिवसाची कॉन्सर्ट ठरलेली, घरचे लोक, मोठमोठे पाहुणे, सगळं तयार, मग काय करायचं? रद्द केली नाही त्यांनी, तीच कॉन्सर्ट श्रद्धांजलीची केली. घरात चारचार मुलं वाजवणारी असली की शोकसभा पण वाजवूनच होणार.

आणि बातमी आल्यावर फॅन लोकांनी काय केलं, तर 'टेक फाइव्ह' लावलं. फेसबुकवर तेच, ट्विटरवर तेच, बातम्यांच्या मागे तेच. दोन महिन्यांनी फेब्रुवारी २०१३ मधे ग्रॅमीच्या सोहळ्यात चिक कोरिया, स्टॅनली क्लार्क आणि केनी गॅरेट या तिघांनी त्याच्या आठवणीत छोटंसं वाजवलं, ते पण टेक फाइव्हच. तुम्ही नाव ऐकलं नसेल पण धून ऐकलेली आहे, शंभर टक्के, कुठल्यातरी हॉटेलात, कुठल्यातरी जाहिरातीत, सॅक्सोफोनवर ती वळणं घेत जाणारी, थोडी आळसावलेली धून.

[इथे पंधरा सेकंद क्लिप]

आता गंमत ऐका. ही धून ब्रुबेकची नाहीच. ती लिहिली पॉल डेझमंडने, ब्रुबेकच्या क्वार्टेटमधल्या, म्हणजे चौघांच्या बँडमधल्या सॅक्सोफोनवाल्याने. आणि त्याहून पुढची गोष्ट म्हणजे त्या मूळ रेकॉर्डिंगमधे ब्रुबेकचा सोलो पण नाही. म्हणजे पियानिस्ट गेला म्हणून जगाने जे लावलं त्यात पियानिस्ट पुढे येऊन काही वाजवतच नाही! सॅक्स वाजतो, मग ड्रमचा सोलो येतो, परत सॅक्स येतो, संपलं. मग लोकांचं चुकलं का? माझं म्हणणं असं की नाही चुकलं, उलट त्या माणसाला ओळखायचं तर तिथेच ओळखता येतं, आणि का ते सांगायलाच हा व्हिडिओ.

आधी टाळी. नेहमीचं वेस्टर्न गाणं म्हणजे चारचा हिशोब, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, पाय आपोआप हलतो. १९५९ पर्यंत बहुतेक सगळा जॅझ असाच चारात चालायचा, कारण मुळात ते नाचायचं म्युझिक. टेक फाइव्ह पाचात आहे. मोजा माझ्याबरोबर, एक दोन तीन, एक दोन. एक दोन तीन, एक दोन. तीन अधिक दोन. आता ज्यांनी तबला शिकलाय ते म्हणतील यात काय विशेष, आपला झपताल दहाचा, धी ना, धी धी ना, दोन-तीन-दोन-तीन, म्हणजे हे त्याचंच अर्धं, फक्त तीन आधी आणि दोन नंतर. बरोबर आहे. आपल्याकडे पाच, सात, दहा, चौदा हे लहानपणापासून कानावर पडतं, त्यात काही शौर्य नाही. पण तिकडे कंपनीवाल्यांना टेन्शन आलं होतं, की यावर कोणी नाचणार नाही, कोणाला टाळी देता येणार नाही, विकत कोण घेणार? वर टेक फाइव्ह ज्या अल्बममधे होतं त्यात एकही ओळखीचं गाणं नाही, सगळी नवीन कंपोझिशन्स, आणि कव्हरवर फोटोऐवजी पेंटिंग. कोलंबिया रेकॉर्ड्सचा प्रेसिडेंट गॉडर्ड लीबरसन मधे उभा राहिला म्हणून 'टाइम आउट' निघाला, डिसेंबर १९५९ मधे. पुढे जॅझमधला दहा लाख विकला गेलेला पहिला अल्बम तोच. टेक फाइव्ह १९६१ मधे बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांच्या, पॉप यादीत पंचविसाव्या नंबरपर्यंत गेलं, पाच मात्रांचं आणि एक शब्दही नसलेलं गाणं!

आता परत ऐका, पण सॅक्स सोडा, पियानो ऐका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ब्रुबेक एकच तुकडा वाजवतो. दोन कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेल्या सुरांचे दोन गट. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगतो, काळी दोनचा मायनर आणि काळी पाचचा मायनर, तिकडून इकडे, इकडून तिकडे, मधे सॅक्सच्या चालीत थोडं बदलतं आणि परत तेच. ड्रमवाल्याचा, जो मोरेलो त्याचं नाव, सोलो सुरू झाला की तर काहीच बदलत नाही, तो तिकडे वाटेल तिथे ठोके टाकतोय, मोकळ्या जागा सोडतोय, सम कुठे गेली कळत नाही, आणि ब्रुबेक शांतपणे तेच पाच, तेच पाच, तेच पाच.

हे काय आहे सांगू? लेहरा आहे! तबल्याच्या सोलोला शेजारी पेटीवाला बसलेला असतो ना, एकच ओळ तास तास धरून, नगमा म्हणतात कोणी कोणी, ज्याच्याकडे कोणी बघत नाही पण तो अर्धी मात्रा इकडेतिकडे सरकला तर सगळा कारभार कोसळेल. जगातला एवढा फेमस पियानिस्ट, क्वार्टेटला त्याचं नाव, आणि आपल्या सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डवर तो लेहरा धरून बसलाय. मला तरी हे ऐकल्यापासून ती धून वेगळीच ऐकू येते.

आणि असं नाही की त्याचा काहीच हात नव्हता. पाचाचा तो ठोका मोरेलो गंमत म्हणून वाजवायचा, तेव्हा मोरेलोला सोलोसाठी काहीतरी पाचातलं हवं म्हणून ब्रुबेकने डेझमंडला चाल करायला सांगितली, डेझमंड दोन तुकडे घेऊन आला, पण गाणं होत नव्हतं, तेव्हा ब्रुबेकनेच ते दोन जोडून आकार दिला आणि नावही त्यानेच सुचवलं. पहिल्या सेशनला जमलं नाही, १ जुलै १९५९ ला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पार पडलं. डेझमंडला ते फेकण्यातलं वाटायचं, हक्क विकून एक जुना इलेक्ट्रिक रेझर घ्यावा असा विचार होता म्हणून जोक मारायचा. त्या रॉयल्टीचं पुढे काय झालं ते लक्षात ठेवा, येतो मी तिकडे.

बरं, हा ब्रुबेक कोण कुठला. कॅलिफोर्नियातल्या गुराख्याचा मुलगा, म्हणजे बाप मोठा रँच सांभाळणारा, आणि आई पियानो शिकवणारी. कॉलेजात गेला गुरांचा डॉक्टर व्हायला! तिथल्या प्रोफेसरने सांगितलं की बाबा तुझं लक्ष समोरच्या म्युझिक बिल्डिंगमधे असतं, तिकडेच जा. गेला, तर शेवटी कळलं की या पोराला नोटेशन वाचता येत नाही. नजर लहानपणापासून अधू, आईसमोर वाचल्याचं नाटक करून कानानेच वाजवत आलेला. कॉलेजने डिग्री दिली, पण अट घातली, पियानो कधी शिकवायचा नाही. मला हा किस्सा भयंकर आवडतो, कारण पुढे याच माणसाने अमेरिकेतल्या अर्ध्या कॉलेजांना जॅझ ऐकायला शिकवला, आणि त्यातली पहिली आयडिया बायकोची, आयोलाची. तिने कॉलेजांना पत्रं लिहिली, की आमचा बँड बोलवा. १९५०च्या सुरुवातीला जॅझ म्हणजे रात्रीचे क्लब, दारू, सिगारेटचा धूर, वीस वर्षांच्या पोरांना आत प्रवेशच नाही बऱ्याच ठिकाणी. यांनी तो उचलून कॉलेजच्या हॉलमधे नेला.

म्हणून २०१२ मधे जे लोक हळहळले ना, ते सगळे जॅझवाले नव्हतेच. हे महत्त्वाचं आहे. मोठा जॅझ कलाकार गेला की जॅझवाले हळहळतात, आपापसात, पण ब्रुबेकच्या वेळेला ज्यांच्या घरात जॅझची एकच रेकॉर्ड होती असे लोक हळहळले, आणि ती एकच रेकॉर्ड बहुतेक 'टाइम आउट' होती. कोणाच्या वडिलांची, कोणाच्या हॉस्टेलच्या रूममेटची. खुद्द ओबामा, २००९ मधे ब्रुबेकला केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला तेव्हा सांगत होते की लहानपणी वडिलांनी मला नेलेली पहिली जॅझ कॉन्सर्ट याचीच, होनोलुलूमधे. आणि ओबामांना वडिलांचा सहवास किती कमी मिळाला ते माहितीये ना, त्यात ही एक संध्याकाळ.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही. १९५८ मधे अमेरिकन सरकारने या क्वार्टेटला टूरवर पाठवलं, रशियाबरोबर शीतयुद्ध चालू, तर आमची संस्कृती बघा असं दाखवायला. पोलंड, तुर्कस्तान, भारत, सिलोन, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, इराक. पोलंडमधे लोक ट्रेन पकडून एका गावाहून दुसऱ्या गावाला यांच्या मागे फिरले, आणि त्याने ट्रेनमधे बसून त्या श्रोत्यांचे आभार मानायला त्यांच्याच शोपॅन या जुन्या संगीतकाराच्या वळणाची एक चीज लिहिली, शेवटच्या कॉन्सर्टला वाजवली. इस्तंबूलमधे रस्त्यावरचे वादक नऊ मात्रांचं काहीतरी वाजवताना ऐकले, दोन-दोन-दोन-तीन, दोन-दोन-दोन-तीन, तिथल्या वादकांना विचारलं तर ते म्हणाले हे आम्हाला तुमच्या ब्लूजसारखं, अंगातलंच आहे. त्यातून 'ब्लू राँडो आ ला तुर्क' आलं, टाइम आउटमधलं पहिलं गाणं.

आणि मग मुंबई! इथे त्याची भेट झाली उस्ताद अब्दुल हलीम जाफर खां यांच्याशी, सतारवाले, मुंबईतच राहायचे, २०१७ मधे गेले. दोघं एकत्र वाजवायला बसले, १९५८ मधे, म्हणजे बीटल्सवाले सतारीच्या नादाला लागले त्याच्या कितीतरी आधी. ब्रुबेक नंतर सांगायचा की त्यांच्या संगतीने माझं वाजवणं बदललं. आणि मुंबईला जॅझ नवीन नव्हता बरं का, ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकापासून बँड होते, गोव्याची मंडळी ट्रम्पेट, सॅक्स, व्हायोलिन घेऊन तिथे वाजवायची, तीच मंडळी दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. चिक चॉकलेटचं नाव ऐकलं असेल, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. मद्रासला ब्रुबेकने पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांचा मृदंगम् ऐकला. आणि परत गेल्यावर जो अल्बम केला त्यात 'कॅलकटा ब्लूज' आहे, मोरेलो त्यात काठ्या बाजूला ठेवून हातांनी ड्रम वाजवतो, आणि खाली एक सूर धरून ठेवलेला. मुंबईत बसला सतारीबरोबर आणि नाव दिलं कलकत्त्याचं, असो, आपण मोठ्या मनाने माफ करू.

तिकडे लाहोरला त्याच टूरवर इज्जत मजीद नावाच्या मुलाला वडिलांनी ब्रुबेक ऐकायला नेलं होतं. तो मुलगा मोठा होऊन पैसेवाला झाला, आणि लाहोरच्या सिनेमा इंडस्ट्रीतले बेकार झालेले म्हातारे वादक गोळा करून सचल स्टुडिओ ऑर्केस्ट्रा काढला. त्यांनी २०११ मधे टेक फाइव्ह वाजवलं, सतार, तबला, व्हायोलिनचा ताफा. ब्रुबेकने जायच्या आदल्या वर्षी ते ऐकलं आणि भरभरून कौतुक केलं. तबलेवाल्यांना पाचाची काय भीती!

आता हे लेहरा धरून बसणं फक्त गाण्यात नव्हतं, म्हणून मला ते एवढं भिडतं. त्याच्या क्वार्टेटमधे बासवर यूजीन राइट, कृष्णवर्णीय, बाकी तिघं गोरे. अमेरिकेच्या दक्षिणेत हे चालायचं नाही. फेब्रुवारी १९५८, नॉर्थ कॅरोलिनातलं एक कॉलेज, हॉल खचाखच, आणि स्टेजवर जायच्या आधी निरोप, राइटला स्टेजवर येता येणार नाही. ब्रुबेक म्हणाला मग आम्ही कोणीच नाही. बाहेर पोरं पाय आपटायला लागली. शेवटी परवानगी मिळाली, पण राइटला मागे उभं करा, दिसता कामा नये. बरं म्हणाला. आणि थोड्या वेळाने राइटला सांगितलं की अरे तुझा माइक बंद पडलाय, पुढे ये, माझ्या अनाउन्समेंटच्या माइकवर सोलो वाजव! राइट अगदी पुढे, सगळ्यांच्या समोर. दोन वर्षांनी दक्षिणेतल्या कॉलेजांची टूर होती, पंचवीस कॉन्सर्ट, राइटच्या जागी गोरा बासवाला आणा अशी मागणी, याने नाही म्हटलं, त्यातल्या तेवीस कॅन्सल झाल्या. पैशाचं नुकसान केवढं विचार करा. टीव्हीच्या एका शोमधे राइट कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी व्यवस्था केलेली, तो शो पण सोडला.

हां, पण एक बाजू सांगायलाच हवी, नाहीतर श्रद्धांजलीत होतं तसं सगळं गोडगोड होईल. जॅझच्या समीक्षकांचं त्याच्याशी कधी नीट जमलं नाही. दोन्ही हातांनी मोठमोठे कॉर्ड ठोकतो, स्विंग, म्हणजे जॅझचा तो झोका नाही, आणि गोरा आहे म्हणून एवढा विकला जातो, असं बोलायचे. कॉर्डचं निम्मं कारण शरीराचं होतं, १९५१ मधे हवाईला समुद्रात सूर मारताना मानेला जबर मार बसला, त्यानंतर बोटांच्या नसांचा त्रास राहिला, वेगाच्या ताना अवघड, म्हणून जड कॉर्डकडे वळला. आणि गोरेपणाचं म्हणाल तर त्याला स्वतःलाच ते टोचायचं. नोव्हेंबर १९५४ मधे टाइम मॅगझिनच्या कव्हरवर त्याचा चेहरा आला, जॅझवाल्यांत त्याच्या आधी फक्त लुई आर्मस्ट्राँग. डेन्व्हरच्या हॉटेलात सकाळी सकाळी दारावर टकटक, दार उघडलं तर समोर ड्यूक एलिंग्टन, जॅझमधला बुजुर्ग कृष्णवर्णीय संगीतकार, हातात ते मॅगझिन, की बघ, तू कव्हरवर आलास. ब्रुबेकला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ती जागा एलिंग्टनची आहे असं त्याला मनापासून वाटायचं, आणि हे तो म्हातारपणापर्यंत प्रत्येक मुलाखतीत सांगत राहिला. समीक्षक चुकीचे होते असं मी म्हणत नाही, त्याचं काही काही वाजवणं खरंच हातोडा मारल्यासारखं आहे. पण माइल्स डेव्हिससारख्या दिग्गज जॅझ ट्रम्पेटवाल्याने याच्या दोन धुना रेकॉर्ड केल्यात, त्याला काहीतरी ऐकू आलंच असेल ना.

आपल्याकडे हे सगळं २०१२ मधे फारसं पोचलंच नाही, आणि त्याला कारण आहे. ब्रुबेक गेला ५ डिसेंबरला, आणि ११ डिसेंबरला पंडित रविशंकर गेले, तिकडेच अमेरिकेत, सॅन डिएगोला. दोघंही १९२० सालचे. मराठी पेपरांनी पानंच्या पानं पंडितजींना दिली, द्यायलाच हवी होती, पण ज्यांच्या घरात दोन्हीच्या रेकॉर्ड्स होत्या त्यांचा तो आठवडा काय गेला असेल! पूर्वी मुंबईत रंगभवनला जॅझ यात्रा व्हायची, १९७८ ला सुरू झालेली, तिथे रात्र रात्र बसणारी मंडळी होती ना, त्यांच्यासाठी हे दोन फोन एका आठवड्यात आले.

आता रॉयल्टी. डेझमंड १९७७ मधे कॅन्सरने गेला, लग्न एकदा झालं आणि मोडलं, मूलबाळ नाही. मृत्युपत्रात त्याने टेक फाइव्हचं उत्पन्न अमेरिकन रेड क्रॉसला देऊन टाकलं. तेव्हापासून ते गाणं कुठेही वाजलं की पैसे रेड क्रॉसला, वर्षाला साधारण एक लाख डॉलरच्या आसपास जातात असं सांगितलं जातं. म्हणजे ब्रुबेक गेल्यावर लोकांनी दुःखात ते गाणं विकत घेतलं, रेडिओवर लावलं, त्याचा हिस्साही तिकडेच.

आणि इथे मला राहवत नाही म्हणून एक जोडतो. १९४४, दुसरं महायुद्ध, युरोप. ब्रुबेक साधा सैनिक, जनरल पॅटनच्या आर्मीत, पुढच्या तुकडीबरोबर आघाडीवर जायची वेळ आलेली. तिथे करमणुकीचा कार्यक्रम आला, पियानो वाजवणारं कोणी आहे का विचारलं, याने हात वर केला, वाजवलं, आणि कर्नल इतका खूश की म्हणाला हा पोरगा आघाडीवर जाणार नाही, इथेच बँड काढ. त्याने काढलेल्या बँडमधे गोरे-काळे एकत्र होते, त्या काळच्या आर्मीत, विचार करा. तर तो कार्यक्रम घेऊन आलं होतं कोण? रेड क्रॉस. डेझमंडच्या डोक्यात हे होतं का, काही संबंध लावू नका, योगायोग आहे, पण काय योगायोग आहे!

तर ब्रुबेकचं स्वतःचं काय ऐकायचं? 'इन युअर ओन स्वीट वे' ऐका, सुटे सूर, हातोडा कुठेही नाही, बँडकडे स्वतःच्या धुना नाहीत अशी डेझमंडने कुरकुर केली तेव्हा अर्ध्या तासात लिहिली म्हणे. 'द ड्यूक' ऐका, एलिंग्टनसाठी केलेली. 'स्ट्रेंज मेडो लार्क' टाइम आउटमधेच आहे, टेक फाइव्हच्या अगदी आधी, आणि लोक नेमकी तीच पुढे ढकलतात, त्यात सुरुवातीला तो बराच वेळ एकटाच वाजवतो, ताल नाही, मोजणं नाही. आणि 'कॅलकटा ब्लूज' हेडफोन लावून, कारण त्यातला बास मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. पुढच्या व्हिडिओत चिक चॉकलेट आणि गोव्याची मंडळी घेतोय, सिनेमातली त्यांची गाणी वाजवून दाखवणार आहे, कॉपीराइटवाल्यांनी वाजवू दिली तर.